तुम्ही विचारलंत म्हणून: निपाणीच्या माणसाला सिगार कशाला?

‘निपाणीचे तुम्ही, अख्ख्या गावाला तंबाखूचा वास. मग ही परदेशी सिगार कशाला? आणि चव तरी कसली लागते तिला?’ पुण्याचे पाहुणे विचारतात, बेळगावचे मित्रही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, तर सांगतोच.

माझी आजी वखारीत चाळणीवर होती. संध्याकाळी घरी आली की लुगड्यातून तंबाखूची धूळ झडायची, आम्ही पोरं शिंकून बेजार. आप्पांची दोन एकर काळी जमीन, तंबाखूचीच. १९८१ साली शरद जोशींबरोबर शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, त्यात आप्पाही होते. मागणी साधी होती, पानाला भाव द्या. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. आप्पा त्यावर फारसं बोलत नाहीत. पण पान हातात घेतलं की आधी भाव आठवतो, ही आमच्या घरची खोड आहे.

म्हणून पहिली सिगार मी ओढण्याआधी सोलली. हसू नका. बाहेर एक देखणं पान, त्याखाली बांधून ठेवणारं दुसरं, आणि पोटात लांबच्या लांब घडी घातलेली पानं. आमचं पान शेतातच उन्हात वाळतं आणि कुटून-चाळून जर्दा होऊन विडीत जातं. सिगारचं पान सावलीत टांगून वाळवतात. मग ओलसर पानांची गंजी रचतात, ती आतून तापते, पुन:पुन्हा उलथतात. त्यात अमोनियाचा उग्रपणा निघून जातो. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये तर बाहेरच्या पानाचं पीक कापडी मांडवाखाली वाढवतात, आपल्या पानमळ्यासारखं. त्या पानावर डाग चालत नाही. आमच्याकडे नेमकं उलटं. विडीच्या तंबाखूच्या पानावर तांबूस ठिपके हवेत, ठिपका म्हणजे दर.

मी हजार रुपयांच्या वर जात नाही. निकाराग्वाच्या एस्तेलीकडची, रोबुस्तो आकाराची. लांबी साधारण ५ इंच आणि जाडी ५०, म्हणजे एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०. स्वस्तातली बघताना एकच गोष्ट पाहायची: आत अख्खं पान आहे की चुरा. अख्ख्या पानाची राख इंचभर टिकून राहते, चुऱ्याची शर्टावर सांडते. बाकी महागडीतले बरेच पैसे पेटीला आणि नावाला जातात, असं माझं मत.

खरा घात किमतीने होत नाही, कोरडेपणाने होतो. एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानातून मी एकदा भारीतली आणली होती. कापताच पापडासारखी चुरली. तिला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आमच्या एप्रिलमध्ये ती दोन दिवसांत वाळते आणि जुलैत बुरशी धरते. मी हवाबंद डब्यात आर्द्रता राखणारी पुडी टाकून ठेवतो. लाकडी पेटीची हौस परवडत नाही.

आता चव. तोंडात धरायच्या टोकाची टोपी कापली की न पेटवताच एक झुरका घ्यायचा. मनुका, ओला गूळ, वाळलेला कडबा असं काहीतरी लागतं. मग ज्योत जरा लांब धरून टोक सगळीकडून शेकायचं, घाई नाही. धूर छातीत न्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. पहिल्या भागात मिरं झोंबतं. मधला भाग माझा लाडका: भाजलेली कॉफी आणि गोकाकच्या करदंट मिठाईतल्या तळलेल्या डिंकासारखं खमंग काहीतरी. मिनिटाला एकच झुरका. घाई केलीत की ती तापते आणि कडू होते. शेवटचा भाग बहुतेक वेळा कडूच निघतो. तिथे सोडून द्यावी, विझते आपोआप. पैसे वसूल करायला ओढत बसू नये.

उपाशीपोटी तर मुळीच नको. धूर गिळला नाही तरी निकोटिन तोंडाच्या आतूनच रक्तात जातं. पहिल्यांदा तवंदी घाटात गाडी थांबवून ऐटीत पेटवली होती. दहा मिनिटांत घेरी, मग कठड्याला धरून ओकारी. आणि छातीत जात नाही म्हणून निर्धोक, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; तोंडाचा कॅन्सर हिच्यानेही होतो. माझी महिन्यातून एक असते, तीही अंगणात.

गेल्या दिवाळीत आप्पांना न पेटवलेली एक हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, बोटांत फिरवली, बाहेरचं पान उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मग परत देत म्हणाले, ‘‘पान चांगलं हाय रं. पर ठिपका न्हाई की एकबी. दर कसा लागला ह्येला?’’