काकाचा ताता का होतो

स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीला अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा वाटलं होतं की तोतरं बोलणं, बोबडं बोलणं एवढंच शिकायचं असेल, पण पहिल्याच वर्षी अ‍ॅनाटॉमी, फोनेटिक्स (तोंडातून आवाज कसे तयार होतात ते), ऑडिऑलॉजी (ऐकण्याचा अभ्यास) सगळं एकदम अंगावर आलं.

फोनेटिक्स मला सगळ्यात आवडलं. लहान मूल काकाला ताता म्हणतं ना, तिथे जिभेचा मागचा भाग वर जायच्या ऐवजी टोक दातांमागे टेकतं, बस एवढाच फरक, मी कितीतरी वेळ आरशासमोर क त क त करत बसायचे.

मग ब्रोका, मेंदू आणि बोलणं यांचा संबंध शोधणारा फ्रेंच डॉक्टर. १८६१ मध्ये त्याने ज्या पेशंटबद्दल सांगितलं तो जवळजवळ फक्त 'टॅन' एवढंच बोलू शकायचा, पण समोरच्याचं बरंच समजायचं त्याला. वाचून पुस्तक मिटूनच ठेवलं मी. नंतर हॉस्पिटलच्या पोस्टिंगला स्ट्रोक झालेल्या एक आजी भेटल्या, पेन दाखवलं की लिहायची अ‍ॅक्शन करायच्या, शब्द मात्र ओठांवर येऊन अडकायचा. मी घाईघाईने सांगायला गेले तर मॅडम म्हणाल्या थांब, नुसता पहिला आवाज दे. मी "पे..." म्हटलं आणि आजी एकदम "पेन!"

आणि हो, गिळायचा त्रासही आमच्याच विषयात येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.