सव्वीस वेळा

जुन्या गोव्याला चालत निघालेल्या आमच्या २८ जणांपैकी म्हापशाला पोचेपर्यंत निम्म्यांच्या पायांना फोड आले होते. मुक्काम एका शाळेच्या व्हरांड्यात होता. मी नर्स, तेव्हा पाय बघायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. कोमट पाण्याचं घमेलं, मीठ, सुया, गॉझ, चिकटपट्टी असं सगळं मांडून मी जमिनीवर बसले आणि एकेकाला समोर खुर्चीत बसवलं. फोड कडेला टोचायचा, पाणी निथळू द्यायचं, वरची कातडी मात्र काढायची नाही. खालच्या कोवळ्या मांसाला तेवढंच पांघरूण असतं.

सुई टोचताना माणसाचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते. देवाचा कुठला गुण तुम्हाला सगळ्यात प्यारा?

हा प्रश्न माझ्या बाबांचा. आम्ही जालन्याचे, स्कॉटिश मिशनच्या परंपरेतल्या मंडळीतले. रात्री जेवणं उरकली की बाबा आम्हा भावंडांना प्रश्नोत्तरी म्हणायला लावायचे, १६४७ साली वेस्टमिन्स्टरला तयार झालेली धर्मशिक्षणाची ती लहान प्रश्नोत्तरी. तिचा चौथा प्रश्न, देव काय आहे? उत्तरात येतं की तो आत्मा आहे, अनंत, सनातन, कधी न बदलणारा. आणि मग ओळीनं सात गोष्टी: अस्तित्व, ज्ञान, सामर्थ्य, पवित्रता, न्याय, चांगुलपणा, सत्य. मी आठ वर्षांची असेन, बाबांना विचारलं, "ह्यात प्रीती कुठंय? योहानाच्या पत्रात तर देव प्रीती आहे असं लिहिलंय." बाबा म्हणाले, "चांगुलपणात आली ती." आणि लगेच उलटा प्रश्न, "तुला कुठला आवडतो?" मी प्रीती म्हटलं. "तुम्हाला?" "न्याय," बाबा म्हणाले. एका श्वासात.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. बाबांनी एकाच शाळेत ३१ वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांच्या ग्रॅच्युइटीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, सहा वर्षं. कागद पूर्ण होते. चूक कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कबूल करत नव्हतं. बाबा गेले तेव्हा फाइल तिथंच होती, आजही तिथंच आहे. आई महिन्याच्या अखेरीस औषधांच्या गोळ्या अर्ध्या करून खाते. मला आता कुणी विचारलं तर माझंही उत्तर न्यायच असतं.

सावंतवाडीची माझी एक मैत्रीण पुण्यात माझ्याच प्रसूती विभागात काम करते. तिच्या घरचे दर वर्षी ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी, सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जातात, बांदा, पत्रादेवी, कोलवाळ, म्हापसा, पणजी अशा वाटेनं, सुमारे ६५ किलोमीटर. मी प्रॉटेस्टंट. संतांच्या अवशेषांपुढे गुडघे टेकण्यात मी वाढले नाही आणि ते मला जमणारही नाही, हे तिला आधीच सांगितलं. ती म्हणाली, "चालायला ये. गुडघ्यांचं नंतर बघू." तिची आई, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो, सगळ्यांत पुढे चालायची. हातात जपमाळ, पायात साध्या रबरी चपला. तीन दिवसांत तिला एक फोड आला नाही.

तर म्हापशाची उत्तरं. पहिला बसला तो कॉलेजातला मुलगा, एटीकेटीत अडकलेला. म्हणाला, "तो सगळं जाणतो हे." मला वाटलं होतं, त्या वयात सर्वज्ञ देवाची भीती वाटत असेल. त्यानं १३९वं स्तोत्र सांगितलं, शब्द जिभेवर येण्याआधीच देवाला तो ठाऊक असतो ते. "म्हणजे त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. घरी सगळ्यांना समजावूनच दमतो मी." वेंगुर्ल्याच्या मासेमाराचं उत्तर सामर्थ्य. मार्काच्या चौथ्या अध्यायातलं, येशूनं शांत केलेलं वादळ त्यानं मला असं सांगितलं, जणू त्या होडीत तो स्वतः होता. येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता हे सांगताना त्यानं दोनदा "उशी घेऊन" म्हटलं. एकीचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने समुद्रात. तिला देव सर्वत्र आहे ह्याचाच आधार. "मी इथं त्याच्याशी बोलते, तोही तिथं त्याच्याशीच बोलत असतो. फोन लागला नाही तरी." एक रिक्षावाला नुसता "क्षमा" म्हणाला आणि खाली मान घालून पायाकडे बघत राहिला. मी पुढे काही विचारलं नाही.

सत्तरीचे एक आजोबा पाय पुढे करेनात. टाचेला मोठा फोड होता, चालताना लंगडत होते, पण मी हात लावला की पाय मागे. "तू माझे पाय नको धरू, पोरी." मला येशूचा शिष्य पेत्र आठवला, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस म्हणून येशूला अडवणारा. शेवटी मावशीनं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे पाय घमेल्यात आला. टाच धुऊन होईपर्यंत ते डोळे मिटून होते. माझा प्रश्न त्यांना विचारायचं राहून गेलं.

मावशीला मात्र विचारलं. ती म्हणाली, "काकळूत गो."

मी थबकले. मराठीत आपण काकुळतीला येतो, म्हणजे समोरच्यापुढे हात पसरून विनवतो. काकुळत मागणाऱ्याची. कोंकणीत काकळूत देणाऱ्याची. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, पुन्हापुन्हा म्हणतात, सायबा, काकळूत कर. देवा, दया कर. एकच शब्द, आमच्याकडे तो खाली वाकलेल्या माणसाजवळ राहिला आणि घाटाखाली देवापर्यंत जाऊन पोचला. त्या रात्री व्हरांड्यात पडल्यापडल्या मला हा शब्द झोपू देईना. हिब्रू शास्त्रात दयेसाठी रहमीम असा एक शब्द आहे, आणि रेहेम म्हणजे गर्भाशय. दोन्ही एकाच मुळाचे. हे मी बायबलच्या वर्गात ऐकलं होतं, पण प्रसूती विभागात १४ वर्षं काढल्यावर ते नुसतं ऐकलेलं राहत नाही. मराठीत तर सांगायलाच नको. आपल्याला दुसऱ्याचं दुःख बघून पोटात कालवतं, पोटात तुटतं. लूकच्या गोष्टीत उधळ्या मुलगा लांब दिसताच बापाला त्याचा कळवळा आला असं आपल्या बायबलात आहे, आणि तो बाप धावत सुटतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते तुकोबांचे अभंग उराशी घेऊनच. ख्रिस्ताला माउली म्हणणारी त्यांची भजनं आमच्या उपासनेत आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. म्हणजे काकळूत आमच्याकडेही होती. मीच ती गाण्यापुरती ठेवली होती.

एवढ्या जणांमध्ये न्याय कुणीच म्हणालं नाही. पवित्रताही नाही. यशयाच्या दृष्टान्तातले सराफीम देवदूत देवाला पवित्र, पवित्र, पवित्र असं तीनदा म्हणतात, दुसऱ्या कुठल्याच गुणाचा बायबलात असा तिहेरी उच्चार नाही, आणि मिस्सेत हे सगळे तो रोज गातात. पण पाय माझ्या हातात असताना तो कुणाच्या तोंडी आला नाही. पवित्रतेपुढे माणूस नमतो. दुखताना तो दुसरं काही धरायला बघतो. न्यायाचं मात्र मला लागलं. मला वाटलं, ह्या सगळ्यांना कधीच कुणी लुबाडलं नाही का?

दुसऱ्या दिवशी चालताना हे मैत्रिणीजवळ बोलले. ती म्हणाली, "न्यायाचं नाव घेतलं की गोव्यात लोकांना दुसरंच काही आठवतं." खरं होतं. ज्या फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला आम्ही निघालो होतो, त्यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, मागितलं होतं. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले, इन्क्विझिशन आलं १५६० मध्ये, आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जुन्या चालीरीती पाळल्या म्हणून त्यांना धरून नेत. तेही देवाच्या न्यायाच्याच नावानं. हे मला झाकून पुढे जाता येत नाही. ख्रिस्ती म्हणून त्या वाटेनं चालायचं तर हेही पायाखाली आहेच. त्या न्यायाला पोटच नव्हतं.

पणजीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिथून रायबंदरकडे जाणारा तो जुना बांध, १६३३-३४ मध्ये बांधलेला, जवळजवळ तीन किलोमीटरचा. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खाजण. इतर गावांचे जथेही येऊन मिळाले होते, कुणी कारवारकडचे, कुणी बेळगावचे. आमच्यातल्या एकानं १३६वं स्तोत्र मराठीत सुरू केलं. त्यानं अर्धी ओळ म्हणायची, आम्ही उरलेली अर्धी: कारण त्याची दया सनातन आहे. २६ ओव्या, २६ वेळा तेच. चालायला ह्याहून चांगली लय नाही, डावा पाय, उजवा पाय, दया सनातन आहे. आकाश केलं त्याचं, पाण्यावर पृथ्वी पसरली त्याचं, सूर्य, चंद्र. आणि मग पंधरावी ओवी आली, इस्राएलांना गुलाम करणाऱ्या मिसरच्या राजाला, फारोला, आणि त्याच्या सैन्याला तांबड्या समुद्रात उलथून टाकलं. आमच्या तोंडून निघालं, कारण त्याची दया सनातन आहे.

मी म्हणता म्हणता गप्प झाले. सैन्य बुडवण्यात कसली दया? मग डोक्यात उजेड पडला. फारोच्या बाजूनं बघितलं तर तो न्याय. विटा थापून पाठ मोडलेल्या गुलामाच्या बाजूनं बघितलं तर ती दयाच, दुसरं काय! ज्याचं हिरावलं गेलंय त्याच्यापर्यंत देवाचा कळवळा पोचतो तो न्याय होऊनच. बाबा न्याय म्हणत होते तेव्हा ते मावशीचीच काकळूत मागत होते, फक्त प्रश्नोत्तरीच्या भाषेत. २३व्या ओवीत आहे, आम्ही खालावलेले असताना त्यानं आमची आठवण केली. तिथपर्यंत माझा आवाज परत आला होता, नीट नव्हता, पण आला होता.

जुन्या गोव्यात रात्री बाँ जेझुसच्या आवारात पोचलो. १६०५ मध्ये अभिषेक झालेलं हे चर्च, जांभ्या दगडाचं, दिव्यांच्या झोतात लाल दिसत होतं. रांग हळूहळू सरकत होती. संतांच्या अवशेषांची चांदीची पेटी उंचावर असते, मान मागे टाकून बघावी लागते. मावशी आणि बाकीचे टेकले. मी उभी राहिले, हात जोडून, देवाशी बोलत. मला कुणी काही म्हणालं नाही. लंगडणारे आजोबा माझ्या शेजारी गुडघ्यावर होते आणि टाचेची माझी पट्टी अजून जागच्या जागी होती.

बाहेर पहाटेच्या मिस्सेसाठी लोक मांडवात जागा धरत होते. एका टेबलावर प्रार्थनेच्या हेतूंच्या चिठ्ठ्या होत्या, नाव लिहून पेटीत टाकायच्या. मावशी लिहायला वाकली होती. मला बघून म्हणाली, "आनी तुजें गो? तू सगळ्यांना विचारलंस."

"न्याय," मी म्हटलं. आणि फाइलचं सगळं सांगितलं, आईच्या अर्ध्या गोळ्यांपर्यंत. मैत्रिणीलाही इतकं कधी सांगितलं नव्हतं. मावशीनं मधेच काही विचारलं नाही, देवाची मर्जी वगैरे काही म्हणाली नाही. ऐकून झाल्यावर एक कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत हे तिला माहीत होतं. "त्यांच्यासाठी नको, फाइलीसाठी लिही," ती म्हणाली.

मी बाबांचं नाव लिहिलं. खाली, ३१ वर्षं शिक्षक. त्याच्याखाली आईचं नाव.