पत्रिकेत आधी नाव कुणाचं?

दोन देश मिळून फुटबॉलची स्पर्धा भरवणार म्हटलं की मी आधी फायनल कुणाकडं गेली ते बघतो. कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीत वाढलेल्या माणसाची ही खोड आहे. खेळाचं नंतर, आधी वाटणी.

२००२ चा वर्ल्ड कप बघा. जपाननं १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केलेलं, जखम काही भरलेली नव्हती. यजमानपदासाठी दोघंही हटून बसले, तेव्हा १९९६ मध्ये फिफानं दोघांना एकाच मांडवात उभं केलं. वर्ल्ड कपचे दोन यजमान असण्याची ही पहिलीच वेळ. मग लग्नपत्रिकेत आधी कुणाचं नाव, यावरून होते तशी धुसफूस. शेवटी अधिकृत नावात कोरिया आधी आणि फायनल जपानच्या योकोहामात, अशी तोड निघाली. स्टेडियमं दहा-दहा. तडजोड कुणी केली माहीत नाही, पण त्या माणसाला आमच्याकडं पाठवायला हवं होतं!

आमच्याकडं सीमावाद तापला की एसटी बंद. पलीकडं कोल्हापुरात पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा फुटबॉलचा सामना असला, तर निपाणीची पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून जातात. आणि आमच्या मैदानावर स्पर्धा असली की कागल-चंदगडच्या टीम इकडं येतात. पावसानं फक्कीच्या रेघा धुऊन गेलेल्या, त्यामुळं बॉल बाहेर गेला की नाही यावर अर्धा वेळ भांडण. माईकवरचा गडी एका दमात ओरडतो, "कॅप्टन, लगू बर्री, टाइम संपत आला!" लगू बर्री म्हणजे लवकर या; पण मराठी कुठं संपली नि कन्नड कुठं सुरू झाली, हे त्यालाही सांगता यायचं नाही. कुठली टीम कुठल्या राज्याची, हे एंट्री फीच्या वहीत लिहिलेलं असतं; ती वही पुन्हा कुणी उघडत नाही.

२०२६ च्या वर्ल्ड कपला यजमान तीन. १०४ सामन्यांपैकी अमेरिकेला ७८, मेक्सिको आणि कॅनडाला तेरा-तेरा, आणि फायनलही अमेरिकेतच. हे आकडे मी चहाच्या टपरीवर वाचून दाखवले. जमिनीच्या वाटणीपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेले एक काका बशी खाली ठेवत म्हणाले, "त्या दोघांनी सही तरी कशी केली रे?"