लेफ्टच तर आहे, घ्या गाडी!

गेल्या मे महिन्यात स्कॉटलंडला जायचं ठरलं तेव्हा तिकिटं, हॉटेल, व्हिसा यावर घरात जेवढी भांडणं झाली नाहीत तेवढी एका प्रश्नावर झाली, तिथे गाडी भाड्याने घ्यायची की नाही. लंडनजवळ राहणारे भाऊजी फोनवर म्हणाले, अहो वहिनी लेफ्टच तर आहे, स्टिअरिंग पण उजवीकडे, आपल्यासारखंच सगळं, घ्या बिनधास्त. सासूबाईंचं म्हणणं असं की परक्या मुलखात उगाच कशाला, बस असतात की. चिरंजीव वय वर्षं नऊ, त्याला फक्त गाडीचा रंग निवडायचा होता.

मी ठाणे ते अंधेरी रोज गाडी चालवते, त्यामुळे येते की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता की तिथे गरज आहे का, आणि हे मला शहर शहर वेगळं करून बघितल्यावरच कळलं, म्हणजे 'यूकेमध्ये गाडी घ्यावी का' असं विचारण्यात काही अर्थच नाहीये. लंडनमध्ये तर अजिबात नाही, मध्यभागात शिरायचेच वेगळे पैसे भरावे लागतात आणि पार्किंगचा खर्च ऐकून नवरा गप्पच झाला. लंडन ते एडिनबरा ट्रेनने साडेचार तासांच्या आसपास लागतात. एडिनबरा पायी फिरायचं गाव आहे, तिथे गाडी म्हणजे गळ्यात धोंड. पण स्काय बेटावर जायचं तर? ग्लासगोहून बस जाते हो, तिथल्या पोर्ट्री गावापर्यंत सोडते, पण मधे ग्लेनकोची दरी बघायला उतरावंसं वाटलं तर पुढची बस कधी, आणि सोबत सत्तरीच्या सासूबाई. मग ठरलं, इन्व्हरनेसपर्यंत ट्रेन, तिथून तीन दिवस गाडी. विमानातून उतरल्या उतरल्या, अर्धवट झोपेत चावी हातात घ्यायची नाही हे मात्र आधीच नक्की केलेलं.

कागदांचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. आपलं लायसन्स तिथे बारा महिने चालतं, स्मार्टकार्डवर सगळं इंग्रजीत असतंच. इंटरनॅशनल परमिट कायद्याने लागत नाही पण काही कंपन्या मागतात म्हणून आम्ही हजार रुपये फी भरून काढून ठेवलं, एक वर्ष चालतं, आणि काउंटरवर कोणी बघितलं पण नाही. बघितलं काय तर क्रेडिट कार्ड! डिपॉझिट ब्लॉक करायला मेन ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं आणि नवऱ्याकडे फक्त डेबिट कार्ड, दुसरा ड्रायव्हर टाकायचा तर रोजचे वेगळे पैसे. झालं, तीन दिवस चालवणार मी एकटी. अठरा वर्षांचा अनुभव सांगत बसलेला माणूस डावीकडच्या सीटवर मॅप धरून बसला, आणि खरं सांगू का, मला थोडा आनंदच झाला. ऑटोमॅटिक महाग पडते तरी घ्या, नवीन रस्त्यावर एक काम कमी. आणि मूल बारा वर्षांचं किंवा 135 सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला बूस्टर सीट, म्हणजे लहान मुलांना उंच बसवायची सीट, लागते. आमचा 131, भिंतीवर पेन्सिलची खूण आहे. त्याचा घोर अपमान झाला.

आता मुद्द्याचं. 'लेफ्टच तर आहे' हेच धोक्याचं आहे असं माझं मत झालंय. उजवीकडून चालवायचं असतं तर माणूस घाबरून तरी चालवतो, इथे सगळं ओळखीचं दिसतं म्हणून हात आपोआप ठाण्यासारखे चालायला लागतात. पहिल्याच राउंडअबाउटला, म्हणजे आपल्या सर्कलला, मी आपलं नाक घातलं, आपण घालतो तसं, आणि उजवीकडून येणारा गपकन थांबला. उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, मला पाठ होतं हो, पण पायाला पाठ नव्हतं. त्याने हॉर्न सुद्धा वाजवला नाही, नुसतं बघितलं. त्यापेक्षा हॉर्न परवडला असता.

सगळ्यात मजा आली डिपरची. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की अर्थ एकच, मी येतोय, तू थांब. स्कायमध्ये बरेच रस्ते सिंगल ट्रॅक आहेत, एकच गाडी मावेल एवढे, मधे मधे रुंद केलेली जागा आणि 'पासिंग प्लेस'ची पाटी. ती जागा आपल्या डावीकडे असेल तर आत घ्यायचं, उजवीकडे असेल तर तिच्या समोरच रस्त्यावर थांबायचं, उजवीकडे घुसायचं नाही. समोरचा पासिंग प्लेसमध्ये थांबून डिपर मारतो, मी पण इमानदारीत थांबते, तो परत मारतो, मी अजून मागे सरकते, नवरा म्हणतोय अगं तो तुला ये म्हणतोय! तिथे डिपर म्हणजे बहुतेक वेळा 'या, तुम्ही आधी'. अर्धा दिवस लागला हे अंगवळणी पडायला. कोकणात आपण आरसे मिटून साइडपट्टीवर उतरतो तसं तिथे करायची सोय नाही, कडेला मऊ ओली माती असते, चाक रुतलं की बसा. आणि पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी अशी पाटी या असल्या रस्त्यावर पण दिसते, त्याचा अर्थ कारला वेगमर्यादा ताशी साठ मैल, म्हणजे जवळजवळ 97 किलोमीटर! साठनेच जा असं कोणी म्हणत नाही म्हणा, मी पंचविसाने जात होते आणि मागे कोणी साचलं की पासिंग प्लेसमध्ये घेऊन त्यांना पुढे सोडत होते. मेंढ्यांना मात्र मैल, डिपर, काही लागू नाही.

पेट्रोल आपलं आपण भरायचं. हिरवा नोझल पेट्रोल, काळा डिझेल. सवयीने मी काच खाली करून 'झिरो बघते' म्हणून दोन मिनिटं बसून राहिले होते, कोण येणार?

तर घ्यावी का? स्कायसाठी हो, परत गेले तरी घेईन. फक्त एक हिशेब आम्ही कोणीच आधी मांडला नव्हता. स्कायवर स्टाफिन गावाहून उइगला क्विरँगच्या डोंगरावरून रस्ता जातो, वळणावळणाचा चढ, सगळे आ वासून बाहेर बघतायत, सासूबाई तर म्हणाल्या जन्मात असं बघितलं नाही, आणि मी बघत होते पुढची पासिंग प्लेस. रात्री त्यांनी विचारलं पण, तू काही बघितलंस का गं? नवऱ्याने व्हिडिओ काढलाय म्हणे माझ्यासाठी, पूर्ण अकरा मिनिटांचा. त्यात डोंगर छान आलेत, पण आवाज सगळा माझाच आहे, "माझ्याशी आत्ता कोणी बोलू नका."