न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी आधीच सांगितलं होतं

"बाळाचे पाय जरा ताठ लागतात हो ताई, डॉक्टरांना दाखवून घ्या." कोथरूडच्या घरी न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी हे म्हणाल्या तेव्हा लेक तीन महिन्यांचा होता. मी सासूबाईंकडे पाहिलं. "याचा बाबासुद्धा असाच होता, मुलगे सगळं सावकाशच करतात," आई म्हणाल्या. मला तेच ऐकायचं होतं.

तो नऊ महिन्यांचा असताना आम्ही इंग्लंडमधल्या लीड्सला आलो. इथे पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळांची वाढ पाहणारी सरकारी नर्स, तपासणी करते. आमच्याकडे आलेल्या बाई सरळ सतरंजीवर बसल्या, लाकडी ठोकळा त्याच्यासमोर धरला आणि थांबल्या. त्याचा हात पुढे यायचा, पण मूठ उघडायची नाही. अंगठा आत दुमडलेला. काखेत धरून उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे. दहा महिने झाले तरी तो आधाराशिवाय बसत नव्हता. बाईंनी घाबरवलं नाही, पण "थोडी वाट बघू" असंही म्हणाल्या नाहीत. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणं, हे नाव कागदावर यायच्या आधीच फिजिओथेरपी सुरू झाली होती.

एमआरआयनंतर डॉक्टरांनी जन्माच्या वेळचे कागद मागितले. आमच्याकडे होतं एकपानी डिस्चार्ज कार्ड: इमर्जन्सी सिझेरियन, बाळ उशिरा रडलं, पाच दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. मेंदूला जन्माच्या आसपास ऑक्सिजन कमी पडल्याच्या खुणा दिसत होत्या. तो का कमी पडला आणि ते टाळता आलं असतं का, हे एमआरआय सांगत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट केलं. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांमध्ये कारण बाळंतपणातली चूक नसतेच. मुदतीआधी जन्म किंवा गर्भातला संसर्गही असू शकतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझा राग सगळ्या डॉक्टरांवर नाही.

पुण्यात दादाने हॉस्पिटलात दोन खेपा घातल्या. एकदा रेकॉर्ड रूम बंद, एकदा मॅडम रजेवर. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद 3 वर्षं जपावे लागतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. तिसऱ्या खेपेला त्याने माझं अधिकारपत्र जोडून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. मग झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला.

तो मी रात्री स्वयंपाकघरात, लेक झोपल्यावर उघडला. कळा जोरात असताना बाळाचे ठोके दर 15 ते 30 मिनिटांनी ऐकून लिहायचे असतात. आमच्या तक्त्यात 2.10 नंतरची नोंद थेट 4.05 ची आहे. मधले चौकोन कोरे. त्या वेळी मी बेल दाबत होते, हे मला नीट आठवतं. नोंद नाही म्हणजे ठोके ऐकलेच नाहीत, असं सिद्ध होत नाही, हेही मला कळतं. पण ते कोरे चौकोन डोळ्यांसमोरून जात नाहीत.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच ठरवलं. पण तक्रारीला मुदत 2 वर्षांची. उशिराचं सबळ कारण दिलं तर ग्राहक आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून कोण बसणार? इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलासाठी दावा त्याच्या 21 व्या वाढदिवसापर्यंत लावता येतो. आमचा लेक आता 22 महिन्यांचा आहे. पुण्यातल्या वकिलांनी कागद एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे दिलेत, त्यांचं मत यायचंय.

तुमच्याकडे बाळ असेल आणि मनात शंका असेल तर केसचं नंतर बघा, आधी बाळाला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडीतही विचारा. आणि प्रसूतीचे सगळे कागद, फक्त डिस्चार्ज कार्ड नव्हे, आत्ताच मागून घ्या. दोन्ही गोष्टींत माझे महिने गेले.

गेल्या आठवड्यात दादा मावशींना भेटला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावून दिला. मला वाटलं, "मी सांगितलं होतं" म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पाय सुटले का हो आता?"

"थोडे सुटलेत, मावशी. भिंतीला टेकून बसतो."

"दाखवा बघू," त्या म्हणाल्या, आणि मी फोन त्याच्याकडे वळवला.