फ्रानेकरच्या छतातला शनी

आई या उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे नेदरलँड्सला होती. पवनचक्क्या, कालवे सगळं बघून झालं, पण मला तिला फ्रानेकरला न्यायचंच होतं. फ्रीसलंडमधलं छोटंसं गाव. तिथल्या कालव्याकाठच्या एका विटांच्या घरात आइसे आइसिंगा राहायचा. लोकर विंचरण्याचा त्याचा धंदा. त्याच्या बैठकीच्या खोलीच्या छतात १७८१ पासून सूर्यमाला फिरते आहे. आज चालू असलेलं जगातलं हे सर्वांत जुनं प्लॅनेटेरियम. (घुमटावर तारे दाखवणारं यंत्र जर्मनीत १९२३ साली आलं, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी.)

खोलीत शिरताना आईने नकळत मान खाली घातली. निळं छत, मधोमध सूर्य, भोवती गोल खाचा आणि त्यांतून लोंबणारे ग्रह. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. शनी सूर्यापासून जेमतेम दीड मीटरवर.

८ मे १७७४ ला चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू आकाशात अगदी जवळ दिसणार होते. ते एकमेकांवर आदळतील, पृथ्वी जागची सुटून सूर्यात जाऊन पडेल, असं एका धर्मोपदेशकाने छापलं आणि लोकांनी धसका घेतला. मी हे आईला मराठीत सांगत होते. ती मध्येच म्हणाली, "अगं, ही तर आपली अष्टग्रही!"

फेब्रुवारी १९६२. आठ ग्रह एका राशीत येणार, म्हणून जग बुडणार अशी अफवा होती. आई सात वर्षांची. गावात होम चालले होते, आजोबा मुलांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हते. जग बुडणारच आहे तर ट्रंकेत कशाला ठेवायचे, म्हणून मावशीने आपला आणि आईचा असे दोन्ही दिवाळीचे परकर बाहेर काढले. दोघी दिवसभर ते नेसून माजघरात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी शाळा भरली. पण आकाशात नक्की काय झालं, ते आईला कुणीही समजावून सांगितलं नाही. हे सांगताना तिचा आवाज बदलला.

आइसिंगाने आपल्या लोकांना ते समजावलं: ग्रह आपापल्या वाटेने फिरतात, नुसते जवळ दिसतात, हे दाखवायला त्याने हे यंत्र करायला घेतलं. १७७४ मध्ये तो तीस वर्षांचा होता. गावात विद्यापीठ होतं, पण तो तिथे शिकलेला नव्हता. धंदा सांभाळून सात वर्षं तो हे यंत्र घडवत राहिला. लंबक भिंतीतल्या पलंगावर लोंबणार म्हणून बायको, पीटये, नको म्हणाली. त्याने तो आखूड केला आणि चाकांचा हिशोब पुन्हा मांडला, असं तिथे सांगतात. माळ्यावर चढून ती चाकं बघता येतात: लाकडी कडी, आणि दात्यांच्या जागी हाताने घडवलेले हजारो खिळे. यंत्र पुरं झालं त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला शनीपलीकडचा ग्रह, युरेनस, सापडला. या प्रमाणात तो सूर्यापासून पावणेतीन मीटरच्याही पुढे गेला असता. छतात तेवढी जागाच नाही.

खाली आल्यावर आई शनीखाली उभी राहिली. त्याला एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, असं मी सांगितलं. ती बोटांवर मोजू लागली. "बारा राशी. म्हणजे एका राशीला अडीच वर्षं. तीन राशींची साडेसात." बाबा गेले तेव्हा तिला साडेसाती चालू होती, आणि कितीतरी वर्षं ती दर शनिवारी मारुतीला तेल घालायची. ती बराच वेळ तो छोटा गोळा बघत राहिली. तो हलताना दिसत नाही, इतका सावकाश जातो.

परतताना गाडीतूनच तिने मावशीला फोन लावला. "ताई, अष्टग्रहीच्या दिवशीचे आपले परकर आठवतात? ऐक, त्या दिवशी काय झालं होतं ते तुला सांगते."