पावणेदोन गुंजा

आजीच्या पाटल्या ज्या डबीत ठेवलेल्या आहेत, त्याच डबीत चौघडी घातलेला एक पिवळा कागद आहे आणि त्यावर आजोबांच्या अक्षरात ‘२ तोळे ७ मासे ४ गुंजा’ एवढेच लिहिलेले आहे. दिवाळीपूर्वी पाटल्या उजळून घ्याव्यात म्हणून आई आणि मी इंदूरच्या सराफ्यात गेलो, तेव्हा आईने पाटल्यांबरोबर तो कागदही पुढे केला. सराफाने पंखा बंद केला, काट्याची काचेची झडप लावली आणि आकडा स्थिर होताच वाचून दाखवला: ३०.४१० ग्रॅम. आईने विचारले, “म्हणजे कागदाप्रमाणे बरोबर आहे ना?” सराफाचे वय तिशीच्या आतले असावे. त्याने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नम्रपणे हसला.

हिशेब मला करावा लागला. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. तोळा म्हणजे ११.६६४ ग्रॅम, म्हणून मासा ०.९७२ ग्रॅमचा आणि गुंज १२१.५ मिलिग्रॅमची. दोन तोळ्यांचे २३.३२८, सात माशांचे ६.८०४ आणि चार गुंजांचे ०.४८६, अशी बेरीज ३०.६१८ ग्रॅम झाली. काट्यावरच्या आकड्यापेक्षा ती ०.२०८ ग्रॅमने जास्त होती. ‘शून्य पूर्णांक’ ऐकताच आईचा चेहरा निवांत झाला. पण त्याच फरकाला मी ‘दोनशे आठ मिलिग्रॅम’ म्हटले, तेव्हा तिने पाटल्या पुन्हा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या. दशांश चिन्ह तीन घरे सरकले, एवढेच काय ते घडले होते.

ही घरे सरकवणे आम्ही शाळेत शिडीच्या चित्रावरून शिकलो. वरून खाली किलो, हेक्टो, डेका, ग्रॅम, डेसि, सेंटि, मिलि. एक पायरी उतरलो की दहाने गुणायचे आणि चढलो की दहाने भागायचे. ग्रॅमच्या वरच्या पायऱ्यांची नावे ग्रीक मुळांची आणि खालच्या तीन पायऱ्यांची लॅटिन मुळांची, हे पुष्कळ पुढे कळले. ते त्या वेळी कुणी सांगितले असते, तर डेका आणि डेसि यांची अदलाबदल करून मी घालवलेले कितीतरी गुण वाचले असते. गणित सोपेच होते. मात्र त्यातल्या निम्म्या पायऱ्यांवर वस्तीच नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटे. किलोने गहू येतात, ग्रॅमने केशर येते, मिलिग्रॅमने औषध येते. पण ‘तीन सेंटिग्रॅम द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक मी इंदुरात आजवर पाहिलेले नाही. ऑस्ट्रियात लोक दुकानात ‘डेका’ मागतात आणि इटलीत शंभर ग्रॅमला ‘एत्तो’ म्हणतात, म्हणजे तिथे या पायऱ्यांवर निदान जाग तरी आहे.

सराफाच्या गादीवर बसून तो कागद पुन्हा वाचताना मात्र वाटले, की पायऱ्या ओस नव्हत्या, त्यांवर आपली मंडळी दुसऱ्या नावांनी राहत होती. तोळा डेकाग्रॅमच्या आसपासचा, मासा जवळजवळ ग्रॅमएवढा आणि गुंज डेसिग्रॅमहून जराशी जड. काळ्या टिकलीची ती तांबडी बी वजनाला घेणाऱ्यांनी फ्रान्समधल्या १७९५च्या कायद्याची वाट पाहिली नव्हती. आपल्याकडे १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. त्यानंतर मासा आणि गुंज व्यवहारातून गेले. तोळा तेवढा तग धरून राहिला, तोही दीड ग्रॅमहून अधिक झडून. सराफ्यात आज तोळा म्हणून जो भाव सांगतात तो बहुतेक वेळा दहा ग्रॅमचा असतो, म्हणजे डेकाग्रॅमच तोळ्याचे नाव लावून बसलेला आहे. मासा आता आमच्या घरी फक्त आईच्या प्रकृतीत उरला आहे. तिला सगळे नातेवाईक तोळामासा म्हणतात.

त्या प्रकृतीपायी मला शिडीच्याही खाली उतरावे लागते. आईची थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. इथे दहाच्या पायऱ्या संपतात आणि मिलिवरून मायक्रोवर एकदम हजाराची उडी घ्यावी लागते. सराफाच्या काट्यावर तेवढे औषध ठेवले, तर आकडा शून्यावरून हलायचादेखील नाही. याउलट ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुडीवर ६०,००० हा आकडा पाहून ती घ्यायला आई आठवडाभर तयार नव्हती. ती आंतरराष्ट्रीय एकके आहेत आणि या जीवनसत्त्वाची अशी ४० एकके मिळून एक मायक्रोग्रॅम होतो, तेव्हा साठ हजारांचे दीड हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे अवघे दीड मिलिग्रॅम झाले, हे मी तिला पाटीवर मांडून दाखवले. “मग दीडच लिहायचे,” असे म्हणून तिने पुडी दुधात घातली.

पाटल्यांचा फरक सराफाने झिजेवर टाकला. साठ-सत्तर वर्षे दोन बायकांच्या मनगटांवर घासल्यावर एवढे जायचेच, असे तो म्हणाला. मी १२१.५ने भागून आईला तिच्या ओळखीच्या मापात सांगितले, की पावणेदोन गुंजांहून किंचित कमीच. ते मात्र तिला लगेच पटले.

आम्ही उठेपर्यंत दुकाने बंद होऊ लागली होती आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागत होत्या. आईला शंभर ग्रॅम जलेबी हवी होती. हलवायाच्या काट्यावर ९५ दिसले, त्याने आणखी एक वेढे टाकले, आकडा थेट १२० झाला, आणि त्याने दोन्हींकडे दुर्लक्ष करून शंभरचेच पैसे घेतले. वीस ग्रॅम म्हणजे वीस हजार मिलिग्रॅम, असे मी म्हणणार होतो. पण आई तोवर गुंजांवर आली होती. “दीडशेच्या वर होतील ना रे?” तिने विचारले. मी मनात भागाकार केला. एकशे चौसष्ट होत होत्या.